अळीचे नाव कोणाला विचारायचे?

बीडहून मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले की पाली लागते. जवळच बिंदुसरेचे धरण, मागे बालाघाटाची रांग. जिल्ह्यातल्या इतर शिवारांप्रमाणे इथलीही खरिपाची गणिते कापूस आणि सोयाबीन यांच्याभोवती फिरतात. पहिला पाऊस पडला की पेरणीच्या पाठोपाठ बिनकण्याच्या जिवांची मोठी फौज जमिनीतून, बांधावरून आणि पाण्याच्या काठावरून बाहेर पडते. अळ्या, तुडतुडे, पांढरी माशी, वाणी, गोगलगायी, डास. यांतले काही पिकाचे वैरी, काही माणसाच्या आणि जनावरांच्या रोगांचे वाहक, तर बरेचसे निरुपद्रवी किंवा उपकारकच. कोण कोणता, हे ठरवायचे तर आधी नाव कळावे लागते. उपचाराआधी निदान हा नियम दवाखान्यात सगळ्यांना पटतो. शेतात आणि डासांच्या बाबतीत मात्र तो सर्रास मोडला जातो.

२०२२ च्या खरिपात लातूर, उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांतल्या सोयाबीन उत्पादकांनी हे अनुभवले. उगवून आलेली रोपे गोगलगायींनी रात्रीतून फस्त केली, अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि अखेर राज्य सरकारला खास मदत जाहीर करावी लागली. संकट मोठे होते, पण त्यातली एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गोगलगाय हा कीटक नव्हे. ती मृदुकाय वर्गातली, म्हणजे शिंपल्यांच्या नात्यातली. त्यामुळे अळीसाठी किंवा तुडतुड्यासाठी बनवलेली बरीचशी कीटकनाशके तिच्यावर उपयोगी पडत नाहीत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर टाकून त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचणे, मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात त्या नष्ट करणे, मेटाल्डिहाइडच्या गोळ्या काळजीपूर्वक वापरणे हे तिच्यावरचे उपाय. जो नुसती ‘कीड’ समजून फवारा मारतो, त्याचे पैसे जातात आणि गोगलगाय राहते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गोगलगाय निदान डोळ्यांना दिसते. खरी पंचाईत होते ती सारख्याच दिसणाऱ्या जिवांची. लष्करी अळीचे उदाहरण ताजे आहे. या नावाने ओळखली जाणारी देशी अळी शेतकऱ्यांना जुनीच परिचित होती. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर एक वेगळीच अळी दिसली. कृषी शास्त्रज्ञांनी तिचे बाह्य रूप तपासले आणि तिच्या डीएनएचा एक तुकडा वाचला. तेव्हा नक्की झाले की ही अमेरिकेतून आफ्रिकेत आणि तिथून इकडे आलेली स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा आहे. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात सोलापूरकडे मक्यावर आणि सांगलीत उसावरही सापडली. डोक्यावरचे उलट्या वाय अक्षरासारखे चिन्ह आणि शेपटीकडचे चौकोनात मांडलेले चार ठिपके ही मोठ्या अळीची खूण आता अनेक शेतकऱ्यांना पाठ झाली आहे. पण अंड्यांच्या पुंजक्यावर किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीवर ती खूण कुठे शोधायची? आणि फवारणीचा उपयोग सर्वांत जास्त होतो तो नेमका याच वेळी. अळी मोठी होऊन पोंग्यात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही.

डीएनए वाचून ओळख पटवण्याची पद्धत इथे कामाला येते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो आणि तो चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. संपूर्ण मजकूर वाचायचा तर वेळ आणि खर्च फार. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवले की प्राण्यांच्या ओळखीसाठी एकच ठरावीक तुकडा पुरेसा व्हावा. पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या सूत्रकणिकेत सीओआय नावाचे एक जनुक असते. त्यातली साधारण ६५० अक्षरे वाचायची. एकाच जातीच्या दोन जिवांत ही अक्षरे जवळपास सारखी असतात, दोन वेगळ्या जातींत मात्र बहुधा स्पष्ट फरक दिसतो. दुकानातल्या वस्तूवरच्या पट्ट्यांवरून ती कोणती हे यंत्राला कळते, तसाच हा प्रकार, म्हणून याला डीएनए बारकोड म्हणू लागले. किड्याचा एक पाय, अंड्यांचे एखादे टरफल, अर्धवट खाल्लेला तुकडा एवढ्यावरही ही तपासणी होऊ शकते. अंडे, अळी, कोष आणि पतंग ही एकाच जिवाची चार रूपे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. डीएनए मात्र चारही रूपांत तोच राहतो.

या तपासणीने शास्त्रज्ञांच्या जुन्या समजुतींनाही धक्के दिले आहेत. कापसावरची पांढरी माशी घ्या. १८८९ मध्ये ग्रीसमध्ये तंबाखूवरील नमुन्यांवरून तिचे वर्णन झाले आणि जगभर ती बेमिशिया टॅबॅकी या एकाच नावाने ओळखली गेली. डीएनए वाचल्यावर दिसले की या नावाखाली चाळीसच्या आसपास वेगवेगळ्या जाती दडलेल्या असाव्यात. भिंगाखाली त्या सारख्याच दिसतात. पण कोण कोणत्या पिकावर वाढते, कोण कोणता विषाणू पसरवते आणि कोणावर कोणते औषध चालते, यांत फरक असतो. भारतातही तिचे अनेक गट आढळले आहेत. उत्तरेत २०१५ साली पंजाबच्या कापसाची पांढऱ्या माशीने दैना केली. त्या भागात ज्या गटाचे प्राबल्य आहे, तोच गट इतर राज्यांतही असेल असे गृहीत धरता येत नाही. मराठवाड्यातल्या कापसावर कोणता गट किती प्रमाणात आहे आणि तो वर्षागणिक बदलतो आहे का, हे ठाऊक असल्याशिवाय दुसऱ्या राज्यातला फवारणीचा सल्ला इथे उचलून आणणे हा जुगार ठरतो.

आरोग्याच्या दृष्टीने याहून बोलके उदाहरण डासांचे आहे. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा प्रमुख डास म्हणजे ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस. तो एक नसून पाच सख्ख्या भावंडांसारख्या जाती आहेत, हे भारतीय संशोधकांच्या कित्येक वर्षांच्या कामातून पुढे आले. ए, बी, सी, डी आणि ई अशी त्यांना नावे आहेत. दिसायला पाचही सारख्या. त्यांतल्या ‘बी’ला आपल्या देशात हिवतापाची फारशी वाहक मानत नाहीत, इतर जाती मात्र रोग पसरवतात. म्हणजे सापळ्यात शंभर डास सापडले, तर त्यांचे नुसते मोजमाप फारसे काही सांगत नाही. ते शंभर बहुतांशी ‘बी’ असतील तर धोका एक आणि दुसऱ्या जातींचे असतील तर वेगळाच. पूर्वी हा भेद गुणसूत्रांवरच्या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करावा लागे. त्यासाठी ठरावीक अवस्थेतली जिवंत मादी हवी आणि निष्णात डोळाही हवा. आता सापळ्यात मेलेल्या, वाळलेल्या डासावरही डीएनएची तपासणी करता येते.

नाव चुकल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे आफ्रिकेतल्या घटनेवरून दिसते. ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा भारतातल्या शहरांमधला डास आहे. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि शहरी हिवतापाला कारण होतो. २०१६ मध्ये इथिओपियात मिळालेल्या काही डासांचे डीएनए वाचल्यावर ते हेच निघाले. आफ्रिकेतली डास ओळखण्याची कोष्टके आफ्रिकेतल्या जाती गृहीत धरूनच बनवलेली होती. त्यांत या पाहुण्याला जागाच नव्हती, त्यामुळे कोष्टक घेऊन बसलेला माणूस त्याला एखाद्या स्थानिक डासाचे नाव देऊन मोकळा होण्याची शक्यता होती. हिवतापाला गावाकडचा रोग समजणाऱ्या त्या खंडाला आता शहरांचीही चिंता करावी लागते आहे. ज्याचे नाव यादीत नाही तो जीव नेमका यादीमुळेच निसटतो. डीएनएचा दाखला अशा वेळी यादीबाहेरच्याची चाहूल देतो.

पुन्हा गोगलगायीकडे वळू. पिकांना त्रास देणाऱ्या शंखी गोगलगायीचे मूळ पूर्व आफ्रिकेत आहे. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या हौशी शंख-अभ्यासकाने मॉरिशसहून जिवंत नमुने कोलकात्याला आणले आणि ते चौरंगीतल्या एका बागेत सुटले, ही तिच्या भारतातल्या आगमनाची नोंदलेली कथा. पुढे ती बागा आणि शेते ओलांडत देशभर पसरली. जगाच्या अनेक भागांतल्या या गोगलगायींचे डीएनए तपासल्यावर त्यांच्यात फारच कमी विविधता आढळली. हिंदी महासागरातल्या बेटांवरून निघालेल्या थोड्याशा गोगलगायींचीच संतती आशियात आणि पुढे अमेरिकेत पोचल्याचे यातून दिसते. जुन्या कागदांतल्या गोष्टीला डीएनएने असा दुजोरा दिला.

हे केवळ इतिहासाचे कुतूहल नाही. याच गोगलगायीच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातील एका जंताची पिल्ले राहू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार होऊ शकतो. म्हणून गोगलगायी वेचताना हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी, लहान मुलांना हे काम देऊ नये, आणि पावसाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर नीट धुऊनच खावी. पालीसारख्या धरणाकाठच्या गावांना पाण्यातल्या लहान गोगलगायींचीही वेगळी दखल घ्यावी लागते. त्यांच्यातल्या काही जाती गुरांमधल्या यकृतातील पर्णकृमीचा, तर काही नाकात गाठी आणून जनावराला घोरायला लावणाऱ्या रक्तकृमीचा आधार असतात. कोणत्या तळ्यात कोणती जात, हे कळले तर जनावरांना पाणी कुठे पाजावे आणि जंतांचे औषध कधी द्यावे, याला आधार मिळतो.

एवढे सगळे वाचून यंत्र आणले की प्रश्न सुटला, असे वाटू शकते. ते खरे नाही. यंत्र फक्त अक्षरे वाचते, नाव सांगत नाही. ती अक्षरे एखाद्या ग्रंथालयात आधीच नोंदवलेल्या अक्षरांशी ताडून पाहावी लागतात. त्या ग्रंथालयातली नोंद कोणा जाणकाराने नमुना हातात घेऊन, पाय, पंख, जननांग तपासून, नाव ठरवून केलेली असेल तरच उत्तर खरे. नोंद चुकलेली असेल तर चूक मोठ्या विश्वासाने पुढे जाते, आणि नोंदच नसेल तर हाती फक्त ‘अज्ञात’ असा शेरा येतो. जगातल्या खुल्या डीएनए संग्रहांत चुकीच्या नावाने नोंदवलेले नमुने आहेत, हे संशोधकांना चांगले ठाऊक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४ मध्ये देशातल्या प्राण्यांची जी यादी जाहीर केली, तिच्यात एक लाखाहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अपृष्ठवंशी आहेत. त्यांपैकी किती जातींची विश्वासार्ह डीएनए नोंद भारतीय नमुन्यांवरून झालेली आहे, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय एकच जनुक नेहमी पुरत नाही. लष्करी अळीचेच पाहा. तिचे दोन प्रकार मानले जातात, एक मक्याकडे ओढा असलेला आणि दुसरा भाताकडे. भारतातल्या अळ्यांचे सीओआय जनुक वाचले तेव्हा बऱ्याच अळ्या भाताच्या प्रकारातल्या निघाल्या, पण खात होत्या मका. केंद्रकातले दुसरे एक जनुक तपासले तेव्हा ते मक्याच्या प्रकाराशी जुळले. सूत्रकणिकेतला डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे दोन प्रकारांचा संकर झाला असेल तर वडिलांची बाजू त्यात दिसत नाही. क्युलिसिफेसिस डासांतही एका जनुकावरून पाच जातींचे केवळ दोन गट पडतात. गटांतली वेगवेगळी जात सांगायला आणखी एक जनुक लागते. २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या ४०३ परजीवी गांधीलमाश्यांना प्रामुख्याने बारकोडच्या आधारावर नव्या जाती म्हणून नावे देण्यात आली, तेव्हा अनेक वर्गीकरण तज्ज्ञांनी आक्षेप घेतला. शरीराचे वर्णन नसेल, तर प्रयोगशाळा नसलेल्या देशातल्या माणसाने ती जात ओळखायची कशी, हा त्यांचा सवाल रास्त होता. पालीतल्या शेतकऱ्याचा सवालही तोच आहे. शेवटी अळी ओळखायची आहे ती बांधावर.

म्हणजे डीएनए तपासणी आणि डोळ्याने ओळखणारा जाणकार ही एकमेकांना पर्याय नसून जोडी आहे. दुर्दैवाने यांतल्या दुसऱ्याची उपेक्षा वाढते आहे. कोळी, भुंगेरे, माश्या, गांधीलमाश्या यांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठांत जागा कमी आणि मान त्याहून कमी. यंत्रासाठी निधी मिळतो, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. पंधरा वर्षे एका कुळाच्या माश्या वेगळ्या करत बसणाऱ्या माणसाचे उद्घाटन कसे करणार? असा एक अभ्यासक निवृत्त झाला की त्याच्याबरोबर त्या गटाची ओळखही जाते. मग ग्रंथालयात नवी पाने भरायला कोणी उरत नाही.

मराठवाड्याची स्थिती मात्र निराशेचीच आहे असे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात याच पॉल हेबर्ट यांच्या नावाने डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधता अभ्यासाचे केंद्र आहे. तिथले संशोधक गुलाब खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेतल्या माशांच्या डीएनए बारकोडची नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. एका अख्ख्या नदीसाठी असे ग्रंथालय उभे राहू शकते, हे त्या कामाने दाखवले. जे नर्मदेच्या माशांबाबत झाले, ते बालाघाटाच्या किड्यांबाबत का होऊ नये? परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ पिकांवरच्या किडींचा सल्ला देते. अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातल्या खामगावला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे विभागीय केंद्र आहे. दुवे आहेत, पण ते एका साखळीत जोडलेले नाहीत.

ही साखळी जोडायला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी स्वस्त आहेत. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नमुना ठेवण्याची पद्धत. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत बरण्यांच्या रांगा असतात आणि त्यांतले बरेच नमुने फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले असतात. फॉर्मॅलिन शरीराचा आकार उत्तम राखते, पण डीएनएची नासाडी करते. तोच किडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला तर त्याचे रूपही टिकते आणि डीएनएही. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक आणि गोळा करणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिले की तो नमुना पुढच्या पिढीलाही कामाचा ठरतो. चिठ्ठी नसलेला दुर्मीळ किडा हा शास्त्राच्या दृष्टीने रस्त्यावर सापडलेल्या बेवारस पाकिटासारखा असतो.

दुसरी गोष्ट, उद्रेकाच्या वेळी पंचनाम्याबरोबर नमुनाही गोळा व्हावा. किडीने पीक गेले की महसूल आणि कृषी विभागाचे कर्मचारी बांधावर येतात, क्षेत्र मोजतात, टक्केवारी लिहितात. त्याच वेळी दहा अळ्या किंवा दहा गोगलगायी एका छोट्या बाटलीत घालून पाठवायला जास्तीचा वेळ फारसा लागत नाही. बाटलीवर कोणता पत्ता लिहायचा आणि उत्तर किती दिवसांत यायला हवे, एवढे मात्र आधी ठरलेले असले पाहिजे. शोधनिबंधाचे उत्तर दोन वर्षांनी आले तरी चालते, फवारणीचे उत्तर आठवड्यात यावे लागते. मुठीत मावेल एवढे डीएनए वाचणारे यंत्र आता उपलब्ध आहे, तेव्हा जिल्ह्याच्या पातळीवर हे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट, गावाच्या नोंदवहीची. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करायच्या आहेत. त्यांत झाडे, पक्षी, जनावरे यांची नावे सहज येतात. किडे मात्र ‘फुलपाखरे, मुंग्या, विंचू’ अशा एका ओळीत आटोपण्याचा मोह होतो. राज्य सरकारने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात पिकांच्या स्थानिक वाणांना, देशी पशुधनाला आणि गोड्या पाण्यातल्या जीवांना जागा आहे. परागीभवन करणाऱ्या माश्या, किडींना खाणारे किडे आणि रोग पसरवणारे डास यांनाही तिथे हक्काची जागा हवी. पिकाचे देशी वाण वाचवायचे आणि त्याचे परागीभवन कोण करते हेच ठाऊक नसावे, याला काय म्हणावे?

मित्रकिडींचा मुद्दा तर थेट खिशाशी जोडलेला आहे. उसावर आणि कापसावर ट्रायकोकार्ड लावणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते की त्यातून निघणारा अर्ध्या मिलिमीटरचा ट्रायकोग्रामा किडींच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतो. पण ट्रायकोग्रामाच्या अनेक जाती आहेत, त्या भिंगाखालीही चटकन वेगळ्या करता येत नाहीत आणि प्रत्येकीची आवड सारखी नसते. कार्ड बनवणाऱ्या प्रयोगशाळेत एका जातीत दुसरी मिसळली तर शेतकऱ्याला ते दिसणार नाही, फक्त कार्ड ‘चालले नाही’ एवढेच कळेल. डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून ही भेसळ पकडता येते. बियाण्याची शुद्धता तपासतो, तशी मित्रकिडीची का तपासू नये?

पपईवरच्या पिठ्या ढेकणाने नेमक्या नावाची किंमत एकदा दाखवून दिली आहे. २००८ मध्ये तमिळनाडूत आणि नंतर पुणे परिसरात त्याने बागा उद्ध्वस्त केल्या. हा मूळचा मध्य अमेरिकेकडचा पॅराकॉकस मार्जिनेटस आहे, हे पक्के झाल्यामुळेच त्याचा नेमका शत्रू कुठे शोधायचा हे कळले. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून इवल्याशा परजीवी माश्या आणून सोडल्या गेल्या आणि किडीचा जोर ओसरला. ते नाव भिंगाखालच्या जाणकार नजरेने मिळाले होते. पुढचे एखादे नाव कदाचित डीएनए देईल, किंवा दोघे मिळून देतील. साधन कोणते हा वाद गौण आहे.

यंदाही पाऊस पडेल, पालीच्या शिवारात पेरणी होईल आणि कोणीतरी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मुठीतला किडा ठेवून विचारेल, ‘यावर काय मारू?’ आज त्याला बहुधा बाटलीचे नाव सांगितले जाते. त्याला आधी किड्याचे नाव सांगणारी व्यवस्था उभी करणे ही कृषी विभागाची, आरोग्य विभागाची आणि विद्यापीठांची सामाईक जबाबदारी आहे. अल्कोहोलची बाटली, पेन्सिलीची चिठ्ठी, एक पत्ता आणि त्या पत्त्यावर बसलेला एक जाणकार एवढ्यापासून तिची सुरुवात होऊ शकते.